पाणी जाऊ दे, जागा राहू दे

सुईच्या टोकावर सोडियम अल्जिनेटच्या द्रावणाचा थेंब जमतो, फुगतो, जड होतो आणि सुटतो. खाली कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण संथपणे फिरत असतं. त्यात पडताना थेंब क्षणभर चपटा होतो, लगेच पुन्हा गोल होतो आणि तेवढ्यात त्याच्या कडेनं साय धरते. सायीतून कॅल्शियम आत झिरपत राहतं. अर्ध्या तासानं चिमट्यानं उचलावा तर थेंबाचा मणी झालेला असतो: नितळ, तीन मिलिमीटरचा, बोटांत दाबला की दबून परत वर येणारा. वजनानं ९८ टक्के पाणी आणि उरलेल्या २ टक्क्यांत तपकिरी शैवालातून काढलेली एक लांबलचक साखर.

या मण्यातलं सगळं पाणी काढायचं, पण पाण्यानं व्यापलेली जागा तशीच ठेवायची. असं द्रव जाऊन हवेनं भरलेलं जेल म्हणजे एरोजेल, आणि बहुशर्करांच्या, म्हणजे पॉलिसॅकराइड या लांब साखळीच्या साखरांच्या एरोजेलचं सगळं शास्त्र या एका हट्टात सामावलं आहे. औषध त्या मोकळ्या जागेत बसवायचं असतं. ती जागा हरवली की हाती उरतो तो साखरेचा एक टणक खडा, आणि त्यात औषध भरणं म्हणजे भिंतीत पाणी भरण्यासारखं.

ती जागा केवढी, हे एकदा आकड्यांत पाहून घ्यावं. तीन मिलिमीटरच्या मण्याचं आकारमान १४ घन मिलिमीटर. त्यात अल्जिनेट जेमतेम ०.२८ मिलिग्रॅम. चांगल्या अल्जिनेट एरोजेलचं पृष्ठफळ प्रतिग्रॅम ४०० चौरस मीटरच्या घरात असतं. म्हणजे त्या एका मण्याच्या पोटात सुमारे ११०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग, जवळजवळ दोन ए-फोर कागदांइतका, घडी घालून ठेवलेला आहे. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधाला नेमकं हेच हवं असतं. विरघळण्याचा वेग उघड्या पृष्ठभागावर अवलंबून असतो. औषध दळून दळून बारीक करण्यापेक्षा ते रेणूंच्या पातळ थरासारखं अशा पृष्ठभागावर पसरवलं, तर स्फटिक तयारच होत नाही, आणि स्फटिक मोडायला लागणारी ऊर्जाही वाचते.

एरोजेलची कल्पना जुनी आहे. सॅम्युअल किस्टलर यांनी १९३१ मध्ये पहिली एरोजेल जगापुढे ठेवली, तेव्हा सिलिकाच्या जोडीला अगार, जिलेटिन आणि सेल्युलोजही त्यांच्या यादीत होते. पुढची कित्येक दशकं सिलिकाचाच बोलबाला राहिला. सिलिका एरोजेलमध्ये कीटोप्रोफेन आणि ग्रिझिओफल्विन भरून ती औषधं लवकर विरघळतात, हे इरिना स्मिर्नोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास दाखवलं, आणि काही वर्षांतच हॅम्बुर्गच्या तंत्रविद्यापीठात त्यांच्या गटानं स्टार्च आणि अल्जिनेटकडे मोर्चा वळवला. कारण उघड होतं. सिलिकाचा सांगाडा शरीरात साखरेसारखा पचत नाही आणि त्याच्याकडे रासायनिक विविधताही नाही. बहुशर्करांच्या साखळीवर हायड्रॉक्सिल, कार्बॉक्सिल, अमिनो असे गट जागोजागी लटकलेले असतात. औषधाचा रेणू त्यांना धरून राहतो, आणि पीएच बदलला की हेच गट स्वभाव बदलतात.

आता मुख्य अडचण. मणी उघड्यावर ठेवला तर दिवसभरात सुकतो आणि मोहरीएवढा, पिवळसर, काचेसारखा कडक होतो. हे का होतं, ते समजलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप समजते. छिद्रातलं पाणी उडू लागलं की तिथे पाण्याचा वक्र पृष्ठभाग तयार होतो, आणि पृष्ठताण छिद्राच्या भिंतींना आत ओढतो. ही ओढ पृष्ठताणाच्या दुपटीला त्रिज्येनं भागलं की मिळते. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रतिमीटर, छिद्राची त्रिज्या १० नॅनोमीटर धरा: दाब येतो १४४ बार. दोन टक्के साखरेचा सांगाडा त्यापुढे टिकणं शक्यच नाही. पाण्याऐवजी इथेनॉल भरलं तरी ४४ बार उरतोच. म्हणून नुसता द्रव बदलून भागत नाही. द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच पुसून टाकावी लागते.

ते काम सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइड करतो. ३१ अंश सेल्सिअस आणि ७४ बारच्या वर तो ना धड द्रव, ना धड वायू. पृष्ठताण शून्य, तरीही विरघळवण्याची ताकद शिल्लक. पाण्याला याच अवस्थेत न्यायचं तर ३७४ अंश आणि २२१ बार लागतील, आणि त्यात साखर जळून जाईल. इथेनॉललाही २४१ अंश लागतात. सिलिका ते सोसते, साखर नाही. कार्बन डायऑक्साइडची एकच मोठी अडचण: पाणी त्यात फार थोडं विरघळतं. म्हणून पाण्याच्या जागी आधी इथेनॉल, आणि इथेनॉलच्या जागी मग कार्बन डायऑक्साइड, असा दोन टप्प्यांचा प्रवास.

गोठवून सुकवण्याचा, म्हणजे फ्रीझ ड्रायिंगचा, पर्याय स्वस्त आणि सोपा आहे, आणि बरेच जण त्यातून निघालेल्या स्पंजलाही एरोजेल म्हणतात. ते मला पटत नाही. बर्फाचे स्फटिक वाढताना सांगाड्याला बाजूला ढकलतात आणि मायक्रोमीटरच्या मापाची मोठी भोकं मागे सोडतात. जखमेवरच्या पट्टीला ते चालतं. पण औषध रेणूंच्या थरात धरून ठेवणारी २ ते ५० नॅनोमीटरची छिद्रं त्यात बहुतेक नाहीशी होतात.

कोणती बहुशर्करा घ्यायची? अल्जिनेट सुरुवातीला सर्वात सोयीचं, कारण जेल खोलीच्या तापमानाला आणि क्षणात होतं. त्याच्या साखळीत ग्युलुरॉनिक आम्लाचे पट्टे जितके जास्त, तितकं कॅल्शियम घट्ट धरलं जातं, जेल ताठ होतं आणि आकसतं कमी. मॅन्युरॉनिक, म्हणजे त्याच साखळीतलं दुसरं आम्ल, जास्त असेल तर जेल मऊ पडतं. डबीवर नुसतं 'सोडियम अल्जिनेट' लिहिलेलं पुरत नाही, या दोघांचं प्रमाण आणि चिकटपणा मागून घ्यावा. पेक्टिनही कमी मेथॉक्सिलचं असेल तर कॅल्शियमनं धरतं, आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू ते खातात, म्हणून औषध तिथवर न्यायला उपयोगी. कायटोसान उलट्या स्वभावाचं: सौम्य अॅसेटिक आम्लात विरघळवायचं आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात थेंब सोडायचे, मग पाणी तटस्थ होईपर्यंत धुवायचं. स्टार्चला धीर लागतो. अमायलोज जास्त असलेला मक्याचा स्टार्च बंद भांड्यात १२० ते १४० अंशांपर्यंत तापवून त्याची खळ करायची आणि ती ४ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवायची, तेव्हा कुठे साखळ्या पुन्हा जुळून जेल धरतं. इतकं करून पृष्ठफळ सहसा अल्जिनेटपेक्षा बरंच कमी मिळतं.

अल्जिनेटचीच कृती नीट सांगतो. २ ग्रॅम सोडियम अल्जिनेट, ९८ ग्रॅम पाणी. पाणी आधी जोरात फिरतं ठेवायचं आणि भोवऱ्याच्या उतारावर पूड चिमटीचिमटीनं भुरभुरायची. एकदम ओतली की गुठळ्या होतात. बाहेरून भिजलेल्या आणि आत कोरड्या राहिलेल्या गुठळ्या नंतर तासन्‌तास ढवळूनही सुटत नाहीत. पूर्ण विरघळल्यावर द्रावण रात्रभर स्थिर ठेवावं. ढवळताना अडकलेले बुडबुडे मण्यात गेले तर सुकताना तिथूनच तडा जातो. कॅल्शियम क्लोराइड ०.२ मोलर, म्हणजे दोन पाणीरेणूंची पूड असेल तर लिटरमागे २९.४ ग्रॅम. निर्जल पूड असेल तर २२.२ ग्रॅम. बाटलीवरचं लेबल न वाचता वजन केलं की इथेच चूक होते.

थेंबाचं माप सुईच्या बाहेरच्या व्यासावर ठरतं, पण घनमुळाच्या नात्यानं. ०.६ मिलिमीटरची सुई साधारण ३ मिलिमीटरचा थेंब देते. थेंब निम्म्या व्यासाचा हवा असेल तर सुई आठपट बारीक करावी लागेल, आणि चिकट द्रावण तिच्यातून उतरणार नाही. म्हणून लहान मण्यांसाठी सुईभोवती हवेचा झोत, कंपन किंवा विजेचा दाब वापरतात. सुई आणि द्रावण यांतलं अंतर पाच ते दहा सेंटिमीटर. जवळ धरली तर थेंबाला शेपूट राहतं, फार उंच धरली तर आपटून मणी चपटा होतो. सगळे मणी चपटेच येत असतील तर कॅल्शियमच्या द्रावणात थोडं इथेनॉल घालावं. पृष्ठताण उतरला की थेंब अलगद आत शिरतो. शेपूट मात्र अंतर वाढवूनही जात नसेल तर अल्जिनेट जास्त दाट झालं आहे असं समजावं.

काही दहा मायक्रोमीटरचे कण हवे असतील तर रस्ता वेगळा. अल्जिनेटमध्ये कॅल्शियम कार्बोनेटची अतिबारीक पूड मिसळायची, ते मिश्रण वनस्पती तेलात स्पॅन ८० या पायसीकारकाच्या (तेलातले थेंब सुटे ठेवणाऱ्या पदार्थाच्या) साहाय्यानं घोटून बारीक थेंब करायचे आणि मग थोडं ग्लेशियल अॅसेटिक आम्ल सोडायचं. आम्ल थेंबात शिरतं, कार्बोनेट विरघळतं, कॅल्शियम आतूनच मोकळं होतं आणि जेल सगळीकडे एकसारखं धरतं. सुईच्या पद्धतीत ही एकसारखेपणाची सोय नसते, तिथे बाहेरची साय दाट आणि गाभा विरळ. पण तेल पूर्ण धुऊन काढणं हे या पद्धतीतलं खरं कष्टाचं काम. तेलाचा पातळ थर राहिला तरी छिद्रांची तोंडं बुजतात. ते काढायला हेक्झेन वापरलं तर औषधातल्या उरलेल्या द्रावकांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे त्याची मर्यादा फक्त २९० पीपीएम आहे. इथेनॉलची ५००० आहे. म्हणून वेळ लागला तरी इथेनॉलनंच धुवावं.

मणी कॅल्शियमच्या द्रावणातून काढल्यावर साध्या पाण्यानं धुवावेत. फॉस्फेट बफर चुकूनही वापरू नये. फॉस्फेट कॅल्शियमला ओढून घेतं आणि मणी विरघळू लागतात.

यानंतर इथेनॉलच्या पायऱ्या. जेलचं सर्वात जास्त नुकसान इथे होतं आणि लोक मात्र दोष सुकवण्याच्या यंत्राला देतात. साखरेच्या साखळीला पाणी आवडतं, इथेनॉल आवडत नाही. मणी थेट निर्जल इथेनॉलमध्ये टाकला की बाहेरचा थर एकदम आकसतो, गाभा अजून पाण्यानं फुगलेला असतो आणि मणी सुरकुततो किंवा फुटतो. म्हणून १०, ३०, ५०, ७०, ९० आणि मग १०० टक्के, शेवटचा टप्पा दोनदा, दर वेळी ताज्या इथेनॉलमध्ये. द्रावणाचं आकारमान जेलच्या निदान पाचपट असावं. प्रत्येक टप्प्याला किती वेळ, हे मात्र पुस्तकात वाचून ठरवू नये, जेलच्या जाडीवरून काढावं. जेलमधल्या विसरणाचा गुणांक दर सेकंदाला साधारण १०⁻⁹ चौरस मीटर धरला तर दीड मिलिमीटर त्रिज्येच्या मण्याला सुमारे ४० मिनिटं पुरतात. दोन सेंटिमीटर जाडीच्या वडीला मात्र २८ तास. अंतर दुप्पट की वेळ चौपट. मण्यांसाठी सगळीकडे छापलेले बारा-बारा तास वाया जातात, आणि तेच बारा तास वडीला लावले की तिचा गाभा ओला राहतो.

शेवटच्या इथेनॉलमध्ये पाणी किती उरलं, हे घनतेवरून कळतं. निर्जल इथेनॉल २० अंशांवर ०.७८९ ग्रॅम प्रतिघन सेंटिमीटर. मण्यांवरून काढलेल्या द्रवाची घनता ०.८ च्या वर गेली तर आणखी एक धुणं द्यावं. दोन-तीन टक्क्यांहून जास्त पाणी आत राहिलं की ते कार्बन डायऑक्साइडबरोबर नीट निघत नाही. सुकलेला मणी मधोमध कापून पाहावा. बाहेर पांढरं आणि आत काचेसारखा ठिपका दिसला तर पाणी गाभ्यात राहिलं होतं, यात शंका नको.

मणी किती आकसला, हे प्रत्येक टप्प्यानंतर मोजावं. व्यास २० टक्के कमी झाला, तर आकारमान जवळजवळ निम्मं होतं, आणि २ टक्क्यांच्या जेलमधून मिळणारी घनता ०.०२ वरून ०.०४ वर जाते. व्यास ४० टक्के कमी झाला तर घनता ०.०९ च्या पुढे. एक टक्क्याचं जेल घेतलं तर एरोजेल हलकं मिळेल, असं वाटतं; प्रत्यक्षात विरळ सांगाडा इथेनॉलमध्ये इतका आकसतो की बहुधा दीड-दोन टक्क्यांचं जेलच अखेरीस जास्त मोकळं निघतं.

सुकवण्याच्या भांड्यात मणी फिल्टर कागदाच्या पुडीत बांधून ठेवावेत, आणि वर इथेनॉल ओतून ते पूर्ण बुडालेले असावेत. झाकण घट्ट करायला लागलेल्या दहा मिनिटांत वरचे मणी उघडे पडून सुकले, तर पुढच्या सगळ्या खटाटोपाचा त्यांना उपयोग नाही. तापमान ४० अंश, दाब १२० बार. शंभर बारही पुरतो, पण ४० अंशांवर इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण सुमारे ८० बारच्या खाली दोन भागांत फुटतं आणि तो पृष्ठताण पुन्हा जागा होतो. म्हणून पंप थांबला, व्हॉल्व्ह गळला आणि दाब मधेच खाली गेला तर तो घाणा गेला असंच धरावं. कार्बन डायऑक्साइडचा प्रवाह चार ते सहा तास. बाहेर पडणाऱ्या वायूत इथेनॉल थेंबरूपानं दिसेनासं झाल्यावरही निदान एक तास.

मग दाब उतरवणं. मिनिटाला एक-दोन बार, आणि भांड्याचं तापमान सतत ४० अंशांवर. वायू पसरताना थंड होतो. घाई केली आणि आतलं तापमान ३१ अंशांखाली गेलं तर छिद्रांत द्रवरूप कार्बन डायऑक्साइड जमतो आणि इतक्या मेहनतीनं टाळलेली वक्र सीमा अगदी शेवटी तयार होते. घाईचा दुसरा फटका रबरी ओ-रिंगला. तिच्यात मुरलेला वायू एकदम फुगतो आणि तिला फोड येतात, पुढच्या खेपेला गळती तिथून. खोलीत कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र आणि बाहेर सोडलेली निकासनळी हवीच. तो हवेपेक्षा जड आहे, जमिनीलगत साठतो, आणि त्याला वास नाही.

भांडं उघडल्यावर दिसतात ते दुधाळ पांढरे मणी. तळहातावर घेतले तर वजन जाणवत नाही. त्यातल्या एकावर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा: थेंब आत ओढला जातो, मणी पारदर्शक होतो आणि नजरेसमोर बसतो. हवेनं भरलेली छिद्रं पुन्हा पाण्याच्या तावडीत सापडली की सांगाडा कोसळतो. साध्या बहुशर्करेच्या एरोजेलमधून औषध इतक्या झटकन बाहेर का येतं, याचं अर्धं उत्तर त्या एका मण्यात आहे.

औषध कधी भरायचं? माझ्या मते याच प्रश्नानं सुरुवात करायला हवी, आणि बहुतेक प्रकल्प इथेच चुकतात: आधी सुंदर एरोजेल करतात, मग त्यात बसेल असं औषध शोधतात. औषध पाण्यात, इथेनॉलमध्ये आणि सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडमध्ये किती विरघळतं, हे तीन आकडे आधी कागदावर हवेत. पद्धत त्यांच्यावरूनच ठरते.

पाण्यात विरघळणारं औषध अल्जिनेटच्या द्रावणातच मिसळता येतं. पण कॅल्शियमच्या द्रावणात मणी अर्धा तास पडून असतात आणि औषध बाहेर झिरपत राहतं. ते थांबवायला कॅल्शियमच्या द्रावणातही तेवढंच औषध विरघळवून ठेवतात, किंवा पाण्याऐवजी कॅल्शियम क्लोराइडच्या इथेनॉलमधल्या द्रावणात थेंब सोडतात. औषध इथेनॉलमध्ये अजिबात विरघळत नसेल तर ते जागच्या जागी पडून राहतं. प्रथिनं अशी अडकतात खरी, पण इथेनॉलमध्ये त्यांची घडी मोडत नाही ना, ते आधी तपासावं.

इथेनॉलमध्ये विरघळणारं औषध शेवटच्या इथेनॉलमधून मण्यात शिरवता येतं. इथला सापळा असा: शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्ये न विरघळणारं औषधही सुकवण्याच्या पहिल्या तासात वाहून जाऊ शकतं, कारण तेव्हा प्रवाहात इथेनॉल भरपूर असतं आणि ते सहद्रावकाचं काम करतं. बाहेर पडलेल्या इथेनॉलमध्ये औषध किती आलं, हे मोजल्याशिवाय भरणीचा हिशेब लागत नाही.

तिसरा मार्ग मला सर्वात सरळ वाटतो. एरोजेल आधी सुकवायचं, मग त्यातच औषध कार्बन डायऑक्साइडबरोबर पाठवायचं. आयबुप्रोफेन आणि कीटोप्रोफेन यांना तो मानवतो, क्षार झालेल्या औषधांना नाही. आयबुप्रोफेनचा सोडियम क्षार आणला तर तो पुडीत जसाच्या तसा राहतो. दाबाच्या भांड्यात एका पुडीत औषध, दुसऱ्या पुडीत एरोजेल, ४० अंश, १८० ते २०० बार, ढवळत २४ तास. तापमान वाढवायचा मोह टाळावा. आयबुप्रोफेन एरवी ७६ अंशांच्या आसपास वितळतं, पण कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली हा आकडा बराच खाली सरकतो आणि पुडीत चिकट गोळा होऊन बसतो.

औषध किती घालायचं? एका आयबुप्रोफेन रेणूला पृष्ठभागावर ०.७ चौरस नॅनोमीटर जागा धरली, तर ४०० चौरस मीटरवर एका थरात सुमारे २०० मिलिग्रॅम प्रतिग्रॅम मावतं. हा अंदाजच आहे, पण फार कामाचा. मोजणीत याच्या दुप्पट औषध सापडलं तर खुश होण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली मणी पाहावा. दाब उतरताना वायूची घनता घटते, त्यात विरघळलेलं औषध बाहेर पडतं आणि मण्याच्या पृष्ठावर सुयांसारखे स्फटिक उगवतात. ते भरलेलं औषध नव्हे, चिकटलेलं. म्हणून औषध मोजूनच घालावं. आणि दाब इथेही सावकाश.

आत गेलेलं औषध स्फटिकरहित आहे का, ते क्ष-किरण विवर्तनानं पाहतात. तुलनेसाठी कोरं एरोजेल आणि औषध यांचं त्याच प्रमाणातलं साधं मिश्रण सोबत हवंच. प्रमाण कमी असेल तर त्या मिश्रणातही शिखरं दिसत नाहीत, आणि मग 'स्फटिक नाहीत' हा निष्कर्ष फुकटचा ठरतो. डीएससीत, म्हणजे तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या चाचणीत, आणखी एक फसवणूक: बहुशर्करेनं हवेतून ओढलेलं पाणी आलेखावर ६० ते १२० अंशांच्या पट्ट्यात पसरट खड्डा दाखवतं आणि आयबुप्रोफेनचा ७६ अंशांचा खड्डा त्यात लपून जातो. नमुना आधी निर्वातात कोरडा करावा. नायट्रोजन शोषणानं पृष्ठफळ मोजण्याआधी नमुना निर्वात करतानाही तापमान ४० अंशांच्या पुढे नेऊ नये. तापवून निर्वात केलं की औषधच उडून जातं आणि छिद्रं मोकळी दिसतात.

भरणी मोजायला मणी सोडियम सायट्रेटच्या किंवा फॉस्फेटच्या द्रावणात पूर्ण विरघळवावेत, मग ते द्रावण यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाश, किती शोषतं त्याचं वाचन. कोरं एरोजेल तसंच विरघळवून त्याचं वाचन वजा करावं. कॅल्शियम फॉस्फेटचा गढूळपणा आला तर गाळून घ्यावं, आणि गाळणी औषध धरून ठेवत नाही याची एकदा खातरजमा करावी.

औषध सुटण्याच्या चाचणीत पहिली अडचण अगदी साधी: मणी तरंगतात. ३७ अंशांचं ९०० मिलिलिटर द्रावण, फिरणारी पाती, आणि मणी वर कडेला जमलेले. त्यांना तारेच्या जाळीदार पिंजऱ्यात घालून बुडवावं, नाहीतर दर खेपेला वेगळा आलेख मिळतो. १.२ पीएचच्या आम्लात अल्जिनेटमधलं कॅल्शियम निघून जातं, पण त्याची जागा हायड्रोजन घेतो आणि अल्जिनिक आम्लाचा अविद्राव्य, आकसलेला मणी उरतो. त्यातून आयबुप्रोफेन थोडंच बाहेर येतं, आणि त्याचं श्रेय मण्याला देण्याआधी आयबुप्रोफेन स्वतःच आम्लात फारसं विरघळत नाही, हे ध्यानात घ्यावं. ६.८ पीएचच्या फॉस्फेटमध्ये तोच मणी फुगतो, कडेनं झिजतो आणि नाहीसा होतो. कायटोसानचं नेमकं उलट, ते जठरातल्या आम्लातच सुटतं. दोन्ही एकत्र करून, अल्जिनेटच्या मण्यावर कायटोसानचा थर चढवून, सुटण्याचा वेग लांबवता येतो. पण थर ओल्या जेलवर, सुकवण्याआधी चढवावा. सुकलेल्या मण्यावर पाण्यात कालवलेला कोणताही लेप लावला की त्याची गत पाण्याचा थेंब ठेवलेल्या त्या मण्यासारखी होते.

श्वासावाटे औषध देण्यात या हलकेपणाचा खरा उपयोग दिसतो. फुप्फुसात खोलवर पोचायला कणाचा वायुगतिक व्यास १ ते ५ मायक्रोमीटर लागतो, आणि हा व्यास प्रत्यक्ष व्यासाला घनतेच्या वर्गमुळानं गुणून येतो. ०.१ ग्रॅम प्रतिघन सेंटिमीटर घनतेचा १० मायक्रोमीटरचा कण हवेत ३.२ मायक्रोमीटरच्या कणासारखा वागतो. मोठे कण एकमेकांना कमी चिकटतात, पूड मोकळी राहते. मोठ्या सच्छिद्र कणांची ही युक्ती डेव्हिड एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडली. तेलात घोटण्याच्या, म्हणजे इमल्शनच्या, पद्धतीनं केलेले एरोजेलचे कण त्यात चपखल बसतात.

निर्जंतुक करणं अवघड आहे. वाफेचा ऑटोक्लेव्ह मण्यांना भिजवून बसवतो, गॅमा किरण साखळ्या तोडतात. सुकवण्याच्याच भांड्यात कार्बन डायऑक्साइडमध्ये थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सोडून निर्जंतुक करण्याचा मार्ग मला सर्वात आशादायक वाटतो, कारण त्यात मणी भांड्याबाहेर काढावे लागत नाहीत.

साठवणीत शत्रू तोच. बहुशर्करा हवेतली ओल ओढते, ओलीनं सांगाडा मऊ पडतो, छिद्रं मिटू लागतात आणि आतलं स्फटिकरहित औषध हळूहळू स्फटिक बनतं. सुकवल्यावर मणी लगेच सिलिका जेल असलेल्या डेसिकेटरमध्ये जावेत, आणि स्थिरतेची चाचणी घेताना वजन, पृष्ठफळ आणि विवर्तन ही तिन्ही मोजमापं दर महिन्याला एकाच डबीतल्या मण्यांवर व्हावीत. डबी कोरडी ठेवूनही एक वाट उघडी राहते, ती कॅप्सूलची. जिलेटिनच्या कडक कॅप्सूलच्या कवचातच १३ ते १६ टक्के पाणी असतं. मणी त्यात भरून डबी बंद केली की ते पाणी कवचातून मण्यात उतरतं. महिन्याभरात मणी आकसलेले आणि कवच इतकं ठिसूळ की दाबताच तडकतं. हायड्रॉक्सीप्रोपिल मेथिलसेल्युलोजच्या कॅप्सूलमध्ये पाणी १० टक्क्यांच्या बरंच खाली असतं आणि ती कोरडी पडली तरी सहसा तडकत नाही. मणी भरायचे ते तिच्यातच, आणि भरण्याआधी रिकामी कॅप्सूलही दोन दिवस डेसिकेटरमध्ये ठेवून.